नाल्यापल्याडचा टपालवाला

आमच्या मामाइतका खरं बोलणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, आणि त्याच्या बोलण्यातलं निम्मं तरी घोरपडी, सायाळी आणि मुंगसं आपसांत काय बोलली याबद्दल असतं. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा हे पन्नाशी उलटून गेली तरी मला उमगलेलं नाही. उद्या त्याला कोर्टात शपथेवर उभं केलं तर तो अक्षरभर खोटं बोलणार नाही, फक्त न्यायाधीशांना एवढंच सांगेल की साहेब, साक्षीदार तिघं होते आणि त्यांपैकी दोघं बिळात राहतात. किन्हीराजा गावाच्या अलीकडे त्याचं भाजीपाल्याचं वावर आहे. एका अंगाला विहीर, दुसऱ्या अंगाला धुरा, म्हणजे शेताच्या हद्दीचा उंच बांध. धुऱ्याच्या खाली नाला, आणि नाल्यापलीकडे बाभळी, पळस आणि घाणेरीच्या झुडपांनी भरलेलं गायरान. सातबाऱ्यावर मामाचं वावर धुऱ्याशी संपतं. मामाच्या लेखी मात्र त्याचं वावर म्हणजे नाल्यापलीकडच्या एका मोठ्या राज्याच्या वेशीवरचं लहानसं खेडं आहे. त्या राज्याला त्यानं नाव ठेवलेलं नाही. 'पल्याड' एवढंच तो म्हणतो, आणि आम्हीही तेवढंच म्हणतो.

पल्याडच्या मंडळींशी त्यानं जेवढे संबंध सांभाळले तेवढे मामीच्या माहेरच्यांशी सांभाळले असते तर मामीचा निम्मा जन्म सुखात गेला असता, असं मामीच म्हणते. मामेभावाच्या लग्नात पहिली पत्रिका देवापुढे ठेवली ती ठीकच. दुसरी पत्रिका मामानं अक्षता घालून नाल्याकाठच्या बाभळीखाली ठेवली आणि वर दगड ठेवला. मामीच्या तिघा भावांना तोवर पत्रिका गेलेली नव्हती. तिसऱ्या दिवशी दगडाखाली पत्रिका नव्हती. वाळवीनं खाल्ली असेल, कुणा गुराख्यानं विडी पेटवायला नेली असेल. मामा समाधानानं म्हणाला, पोचली. लग्नाच्या दिवशी नेमकं एक वानर मांडवात शिरलं आणि बुंदीची अख्खी पत्रावळ उचलून लिंबावर जाऊन बसलं. सगळी वऱ्हाडी मंडळी हसत होती आणि मामा एकटाच लालबुंद होऊन विचारत होता, याला कोणी बोलावलं. कारण वानर पल्याडचं नव्हे. पल्याडच्या राज्यात वानरांना प्रवेश नाही. त्यांनी एका वर्षी मामाची सगळी वांगी एकेक चावा घेऊन फेकून दिली होती, आणि खाऊन टाकली असती तर क्षमा केली असती, पण चाखून फेकणं हा त्याच्या मते संस्कारांचा प्रश्न आहे.

आठवडी बाजारात तो आपल्या पालावर रताळ्यांचे दोन ढीग लावतो. एक धड रताळ्यांचा आणि दुसरा सायाळीनं कुरतडलेल्या रताळ्यांचा. दुसऱ्या ढिगाबद्दल कुणी विचारलं तर तो गंभीरपणे सांगतो की ही मास्तरांनी तपासलेली आहेत. नवीन गिऱ्हाईक विचारतं, कोणते मास्तर. मग मामा रताळं उलटून दातांच्या खुणा दाखवतो, आणि गोड असल्याशिवाय मास्तर दात लावत नाहीत, असा निर्वाळाही देतो. जुन्या बायका पिशवी उघडून आधी तपासलेलीच रताळी मागतात. शेतकी खात्याचा एक तरुण अधिकारी एकदा वावर बघायला आला. रानडुकरांचा त्रास आहे म्हणता, मग कुंपणाला तार का लावत नाही, असं त्यानं विचारलं. आजूबाजूच्या सगळ्या वावरांना काही ना काही बंदोबस्त आहे. मामाच्या धुऱ्यावर दोरीला टांगलेले रिकामे डबे आहेत, बस. शिवाय धुऱ्यालगतची भाजीची एक ओळ तो कधीच तोडत नाही. ती पल्याडची. त्या अधिकाऱ्याला मामानं चहा पाजला, घोरपडीची पायवाट दाखवली आणि तारेचा विषय निघाला की दर वेळी काकडी पुढे केली. बिचारा पाच काकड्या खाऊन गेला. मामा एरवी वाद घालायला एका पायावर तयार असतो. तारेच्या बाबतीत तेवढा तो बोलत नसे. आम्ही हाही त्याचा एक झटका समजत होतो.

पण हे सगळं नंतरचं. पल्याडचा खरा सुकाळ आमच्या लहानपणी, दिवाळीच्या सुट्टीत असे. वडील वाशीमला शाळेत मास्तर होते. सुट्टी लागली की मी आणि माझी धाकटी बहीण मामाकडे. विहिरीला पाणी भरपूर, मेथी, कोथिंबीर, पालक जोरात, आणि सकाळी मोटरीची लाइन आली की मामा ओलिताला लागे. त्या काळी ठिबकबिबक नव्हतं. मोटरीचं पाणी मातीच्या दांडातून वाहत यायचं, एक वाफा भरला की मामा उठून फावड्यानं त्याचं तोंड बंद करायचा आणि दुसऱ्याचं उघडायचा. वाफा भरेपर्यंत माणसाला काही काम नसतं. त्या रिकाम्या वेळात मामा धुऱ्यावर बसून पल्याडची हकिकत सांगे. एक वाफा, एक हकिकत. वाफा भरला की तो वाक्याच्या मधोमध उठे. घोरपडीनं जबडा उघडला आहे आणि समोर कोल्हा हात जोडून उभा आहे, अशा ठिकाणी तो फावडं उचलून चालू लागे आणि परत येऊन बसल्यावर वेगळीच हकिकत सुरू करे. कोल्ह्याचं काय झालं असं विचारलं तर म्हणे, त्याचा वाफा भरला. म्हणून आम्हाला लांबलचक वाफे आवडत. पालकाचे वाफे सगळ्यात मोठे होते, आणि जगात पालक आवडणारी दोनच मुलं तेव्हा होती, ती आम्ही.

पल्याडचा कारभार एका म्हाताऱ्या घोरपडीच्या हाती होता. तिला पाटलीणबाई म्हणायचं. ती चार दिवसांतून एकदा बोले आणि जे बोले ते शेवटचं असे. मुंगूस फौजदार. टिटवी कोतवाल, तिचं काम ओरडणं, आणि ते ती कुणी न सांगता करत असे. रोही, म्हणजे नीलगाईचा नर, उंचापुरा, देखणा आणि अकलेनं बेताचा; दर हकिकतीत तो कुणाच्या तरी बोलण्यात येई. आणि सायाळ म्हणजे मास्तर. अंगावर एवढ्या लेखण्या, पण एक अक्षर लिहिता येत नाही. हे सांगताना मामा मान वळवून वाशीमच्या दिशेनं बघे, कारण आपल्या मास्तर भाऊजींना समोरासमोर बोलायची त्याची छाती नव्हती. वडिलांच्या कानावर ते गेलंच. पुढच्या भेटीत त्यांनी मामाला शुद्धलेखनाचं पुस्तक भेट दिलं, मास्तरांसाठी म्हणून. मामानं ते खरोखर सायाळीच्या बिळापाशी नेऊन ठेवलं.

लिहिता येणारं कुणी नसल्यामुळे पल्याडची पत्रं कोरी असत. पळसाचं पान घडी करून टपालवाल्याच्या तोंडात द्यायचं आणि निरोप त्याच्या कानात सांगायचा. हा टपालवाला म्हणजे एक ससा होता, आणि तो लंगडा होता.

माझ्या बहिणीचा उजवा पाय लहानपणीच्या तापात अधू झालेला. शाळेतली पोरं तिच्या मागे तिच्यासारखं चालत येत. घरी येऊन ती काही सांगत नसे, फक्त जेवत नसे. ती दुसरीत गेली त्या वर्षीच्या दिवाळीत पल्याडमध्ये हा ससा अवतरला. आम्ही विचारलं, टपालवाला लंगडा कसा चालेल, पत्रं उशिरा पोचतील. मामानं समजावून सांगितलं की टपालवाल्याचं पाऊल लांबूनच ओळखू आलं पाहिजे. बाकीचे सगळे सारखेच चालतात, दार उघडावं की लपावं कळत नाही. हा येतो तेव्हा आवाजावरूनच कळतं की टपाल आलं, आणि सगळे पाणी पिऊन, मिशा साफ करून तयार राहतात. बहीण त्या दिवशी दोन भाकरी जेवली. पुढे धुऱ्यावर तिची एक जागा ठरली, बाभळीच्या खाली, पाय सरळ करून बसता येईल अशी. हकिकतीत ससा नसला की ती मामाला आठवण करून द्यायची, आणि मामा म्हणायचा, येऊन राह्यला तो, रस्त्यात आहे.

ती नऊ वर्षांची होती त्या दिवाळीतली एक सकाळ माझ्या चांगली लक्षात आहे. मामा पुढे गेला होता आणि आम्ही दोघं मागून वावरात शिरत होतो. विहिरीपाशी पोचलो तोच मामा धुऱ्याकडून धावत येताना दिसला. तो आमच्यावर ओरडला, आहे तिथंच थांबा म्हणून. जन्मात पहिल्यांदा आणि शेवटचं. त्यानं आम्हाला घरी परत पाठवलं. दुपारी ओलिताच्या वेळी बोलावलं, तेव्हा तो नेहमीच्या जागी बसला होता पण दांडातल्या पाण्याकडे बघत होता, आमच्याकडे नाही. त्या दिवशीची हकिकत एका वाक्याची होती. टपालवाला तारेत गेला.

आम्हाला आधी वाटलं मामा थांबून पुढे काहीतरी सांगेल. पाणी वाफ्यात पसरत राहिलं. मग बहिणीनं विचारलं, "दुसरं कोनी नव्हतं का मराले?" ती उठली आणि वावरातून निघून गेली. वाटेत मी तिला गाठलं तेव्हा ती रडत नव्हती. ती एवढंच म्हणाली की इतकी सगळी जनावरं होती, आणि मामानं सगळ्यात आधी लंगडंच मारलं. त्यानंतर ती मामाच्या वावरात गेली नाही. मामाकडे यायची, लग्नाकार्याला आली की पाया पडायची, तब्येत विचारायची, मामीला स्वयंपाकात मदत करायची. पण जो मामा तिच्यासाठी 'तू' होता त्याला ती 'तुम्ही' म्हणू लागली, आणि आमच्या वऱ्हाडात मामाला तुम्ही म्हणणं म्हणजे काय ते वऱ्हाडी माणसालाच कळेल.

मामानंही त्या दिवसापासून गोष्ट बंद केली. पल्याडच्या मंडळींचं येणंजाणं, रताळी, पत्रिका हे सगळं चालू राहिलं, पण धुऱ्यावर बसून हकिकत सांगणं संपलं. मी मागं लागलो की काहीतरी निमित्त काढायचा. पुढे मामेभावानं वावरात ठिबक बसवलं आणि मामाला कायमचं निमित्त मिळालं. नळीतून थेंब थेंब पडतं, त्याच्यात काय सांगणार, गोष्टीला वाहतं पाणी लागतं, असं तो म्हणे. आम्ही मोठे झालो, मी वाशीमलाच नोकरीला लागलो, बहीण अकोल्याला एका शाळेची मुख्याध्यापिका झाली. मधे चाळीस वर्षं गेली. एवढ्या वर्षांत पल्याडची आठवण आली नाही असा मात्र माझा एक महिनाही गेला नसेल. कचेरीत कुणी साहेब चार दिवसांतून एकदा बोलला की मला पाटलीणबाई आठवत.

दोन वर्षांपूर्वी मला न राहवून मी लिहू लागलो. मूळ हकिकतींना हात न लावता त्यांच्या बाजूबाजूनं. रोह्याचं लग्न कसं मोडलं, फौजदाराला विंचू चावला तेव्हा त्यानं तक्रार कुणाकडे केली, कोल्ह्याचा वाफा भरल्यावर त्याचं खरोखर काय झालं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एकेक टाकू लागलो. मामेभाऊ त्या मामाला वाचून दाखवी. चौथ्या दिवशी मामाचा पहिला आवाजी निरोप आला. त्याला बटन कधी दाबायचं ते कळतं, कधी सोडायचं ते कळत नाही. त्यामुळे पहिलं अर्धं मिनिट माझ्या चुका आणि पुढची सात मिनिटं मामी, बकरी आणि मोटर. चुका भयंकर होत्या म्हणे. रोही रांगेत चालत नाही. विंचू मुंगसाला चावत नाही, मुंगूस विंचवाला चावतं. एकदा तर मी टिटवीचं घरटं झाडावर दाखवलं होतं, त्या दिवशी मामानं तीन निरोप पाठवले आणि टिटवीची माफी मागायला लावली. पण तो ऐकत होता. असल्या गोष्टींना त्यानं नावही दिलं, आंतरपीक. मुख्य पीक मोडायचं नाही, कपाशीच्या मधल्या जागेत मूग घ्यावा तसं घ्यायचं. बहीण ग्रुपवर होती. माझ्या हकिकतींवर ती काहीच लिहीत नसे, पण वाचल्याच्या निळ्या खुणा पडत.

त्या निळ्या खुणांनीच माझी चूक करवली. मला वाटलं, हिला खूश करावं. मी एक हकिकत लिहिली ज्यात टपालवाला परत येतो. तारेत सापडला होता तो दुसराच ससा, आपला ससा दूरच्या टपालावर गेला होता, इतकी वर्षं चालत चालत आता पोचला आहे, वगैरे. लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. बहिणीच्या निळ्या खुणा पडल्या आणि थोड्या वेळानं ती ग्रुपमधून बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या एसटीनं मामा वाशीमला माझ्या दारात हजर. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे दुखतात म्हणून बाजारालाही कुणी सोबत लागतं, तो एकटा आला होता. पाणीही न पिता त्यानं सांगितलं की ते मागे घे.

मी म्हटलं, मामा, गोष्टच तर आहे. तेव्हा तो पलंगाच्या कडेवर बसला. "तार म्या लावली होती," तो म्हणाला. "डुकरासाठी. रातच्याले करंट सोडत होतो, सकाळी बंद करत होतो. त्या दिवशी बंद कराले इसरलो. जाऊन पाह्यतो तं ससा तारेले चिपकून होता. लंगडाच होता तो, खरोखरचा, रोज मेथीत येत होता. त्याले पाहूनच म्या गोष्टीत घेतला होता. अन् तो पडला होता तिथून दोन हातावर पोरीची बसाची जागा. तुमी दोघं मांगून येऊन राह्यले होते."

मला विहिरीपाशी धावत आलेला मामा दिसला. मामा पुढे म्हणाला की पल्याडचं खोटं सांगायचं नाही हा त्याचा नेम होता. ससा गेला हे लपवता येत नव्हतं म्हणून सांगितलं. कुणाच्या तारेत गेला ते सांगायला मात्र जीभ रेटली नाही. त्याच दुपारी त्यानं तार गुंडाळून विहिरीत टाकली, आणि मामीलाही कधी काही सांगितलं नाही. मग तो म्हणाला, "मेलेला पल्याड परत येत नाही. तू त्याले परत आणला तं माह्या तारेचं काय होते? ती बी खोटीच का मंग?"

माझी बायको चहा ठेवून गेली तो निवला. त्याला आता फक्त एकच गोष्ट हवी होती, ती स्पष्ट दिसत होती. मरायच्या आधी भाचीनं एकदा 'तू' म्हणावं. शेवटी मीच म्हटलं की मामा, मेला ते राहू दे मेलेलं. पण त्याच्या आधी तो रोज हिंडत होता की नाही. त्या दिवसांपैकी किती तू सांगितलेस. निम्म्या हकिकतींत तर तो रस्त्यातच असायचा. रस्त्यात तो काय करत होता ते कुणी सांगितलंय. मामानं निवलेला चहा एका घोटात प्यायला आणि परतीची एसटी किती वाजता आहे ते विचारलं.

बहिणीला मी फोन केला. तारेचं सांगितलं नाही, ते मामाच सांगणार होता. फक्त म्हटलं की मामा सशाचं सांगणार आहे, ये. ती म्हणाली, मेलेल्याचं काय सांगणार. मी म्हटलं, मेल्याचं नाही, त्याच्या आधीच्या एका दिवसाचं. मग तिनं विचारलं की वावरात बसायला पोतं आहे का, तिला आता खाली बसता येत नाही नीट.

दिवाळी नुकतीच झाली होती. मामानं आदल्या दिवशीच मेथीच्या दोन वाफ्यांवरचं ठिबक काढून गुंडाळून ठेवलं होतं आणि फावड्यानं मातीचा दांड पाडला होता. मामेभाऊ डोक्याला हात लावून उभा होता. तो म्हणाला की एका गोष्टीसाठी दोन वाफे मोडले बाबांनी. मामीनं त्याला बाजूला घेऊन गप्प केलं. काय चाललंय ते तिलाही माहीत नव्हतं, पण चाळीस वर्षांनी भाची वावरात आलीय एवढं तिला पुरे होतं. बहीण धुऱ्यावर पोत्याची घडी टाकून बसली, पाय सरळ करून. मामानं मोटर सुरू करायच्या आधी तिच्यापुढे उभं राहून सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. सांगून झाल्यावर तो उभाच राहिला, शाळेत उभं केलेल्या पोरासारखा. बहीण धुऱ्याच्या मातीकडे बघत होती.

"मले वाटलं," ती म्हणाली, "लंगडी म्हून तू मले काढून टाकलं."

"तुले काढून टाकलं असतं तं गोष्टच कायले बंद केली असती, माय?" मामा म्हणाला. "बाकीचे समदे तं जित्ते होते."

ती रडली. मुख्याध्यापिका बाई, चष्मा हातात घेऊन, पदरात तोंड घालून रडली, आणि मीही रडलो, आणि मामेभाऊ काही न समजून मोटरीकडे गेला आणि बटन दाबून आला. पाणी दांडातून वळणं घेत आमच्याकडे यायला लागलं. बहिणीनं चष्मा पुसला. "पाणी येऊन राह्यलं," ती म्हणाली. "सांग आता."

मामा बसला आणि त्यानं सांगितलं. एकदा पाटलीणबाईंना कळलं की गायरानात मेंढरं येणार आहेत. टिटवीची अंडी उघड्यावर. निरोप धाडायला हवा. रोही म्हणाला, फौजदाराला पाठवा, तो जोरात पळतो. पाटलीणबाई म्हणाल्या, फौजदार लवकर पोचेल हे खरं, पण पोचल्यावर अंडी तोच खाईल. म्हणून पान सशाच्या तोंडात दिलं. ससा निघाला. वाटेत घाणेरीखाली सावली होती, तिथं बसला. मेथीचा वास आला, तिकडे जाऊन आला. मास्तर भेटले, त्यांची तब्येत विचारली. पोचेपर्यंत मेंढरं येऊन, चरून, निघूनही गेली होती. टिटवीनं नुसतं ओरडून त्यांना बाजूनं काढलं होतं. तरी ससा तिच्यापुढे नीट उभा राहिला, पान खाली ठेवलं आणि पूर्ण निरोप सांगितला की मेंढरं येणार आहेत, सावध राहावं. आणि टिटवीनंही पंख आवरून तो पूर्ण ऐकून घेतला, मधे एकदाही ओरडली नाही. त्या दिवशी बाकी काही झालं नाही, असं मामा म्हणाला. ससा संध्याकाळी घरी गेला. बहीण फौजदाराच्या अंड्यांपाशी जी हसायला लागली ती पाणी वाफ्याच्या कडेला लागेपर्यंत हसत होती. मामा फावडं घेऊन उठला तेव्हा ती म्हणाली की दुसऱ्या वाफ्याला सोड आणि दुसरा दिवस सांग.

आता दर रविवारी सकाळी मामा तिला अकोल्याला फोन करतो. मामेभावानं ठिबक पुन्हा बसवलं, पण एक वाफा मोकळा ठेवला. मोटर सुरू करून, फोन कानाला लावून मामा सशाचा एक दिवस सांगतो. तिनं शाळेचे रविवारचे कार्यक्रम शनिवारी घ्यायला सुरुवात केली आहे. माझ्या आंतरपिकाला आता दोघंही विचारत नाहीत, आणि मला त्याचं जितकं वाईट वाटायला हवं तितकं वाटत नाही.

परवा मी मामाकडे गेलो होतो. तो थकला आहे. वाफ्याचं तोंड उघडायला दोनदा फावडं मारावं लागतं, मधे उभं राहून श्वास घ्यावा लागतो. मी सहज विचारलं की मामा, सशाचे दिवस संपत आले असतील आता. त्यानं इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"तिले सांगू नको," तो म्हणाला. "तो ससा दोनच वर्साचा होता. दोन वर्साचे सातशे तीस दिवस. ऐतवारी एक धरला तं चौदा वर्स मले मराले फुरसत नाही. पण मंग पुढं काय, थे पाहून राह्यलो."

मला हसू आलं. मी म्हटलं की मामा, ससे पाच-सहा वर्षंही जगतात म्हणे, कुठंतरी वाचलं होतं मी.

मामा फावड्यावर हात ठेवून उभा राहिला.

"असंन," तो म्हणाला. "वयानं मोठाच दिसे तो."